जळाला रेझिस्टर, दोषी कोण?

उन्हाळ्यात गाडी गॅरेजमध्ये नेऊन ‘एसी नीट चालत नाही’ एवढंच सांगितलं, की निदान बहुधा तयारच असतं: गॅस कमी झालाय, भरून टाकू. गॅस भरला जातो, बिल होतं आणि जाळीतून येणारी हवा होती तितकीच मंद राहते. यात गॅरेजवाल्याची घाई असते, तशी आपली तक्रारही अर्धवट असते. हवा गार येत नाही हा एक बिघाड आणि हवाच येत नाही हा दुसरा. पहिल्याचा शोध गॅस, कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर यांच्यापाशी घ्यावा लागतो. दुसऱ्याचा शोध डॅशबोर्डमागे दडलेल्या एका पंख्यापासून सुरू होतो. त्याचं नाव ब्लोअर.

थंड मुलखात हीच तक्रार उलट्या बाजूने येते. लेहमधला टॅक्सीवाला किंवा टोरोंटोत स्थायिक झालेलं मराठी कुटुंब ‘हीटर चालत नाही’ म्हणतं. पंखा तोच असतो. डॅशबोर्डच्या आत प्लास्टिकची एक मोठी पेटी बसवलेली असते. ब्लोअर बाहेरची किंवा केबिनमधली हवा ओढून या पेटीत ढकलतो. वाटेत एसीची कूलिंग कॉइल लागते आणि तिच्यापुढे हीटर कोर, म्हणजे इंजिनचं गरम पाणी खेळवणारा छोटा रेडिएटर. कोणती हवा कुठून न्यायची आणि कुठे सोडायची, काचेवर, तोंडावर की पायांवर, हे आतल्या झडपा ठरवतात. बाहेरची हवा गाळून, तापवून पंख्याने आत ढकलायची व्यवस्था अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ मध्ये विकायला आणली आणि १९५४ मध्ये त्याच कंपनीने हीटर व एसी एकाच यंत्रणेत बसवले. आजच्या गाड्यांची मांडणी त्याच वळणाची आहे. त्यामुळे ब्लोअर बसला की हिवाळ्यातला हीटर आणि उन्हाळ्यातला एसी दोन्ही एकदमच निकामी होतात.

गंमत अशी, की ब्लोअर हे गाडीतल्या सर्वांत साध्या यंत्रांपैकी एक आहे. बारा व्होल्टवर चालणारी मोटर, तिच्या दांड्यावर पिंजऱ्यासारखा गोल पंखा, एक फ्यूज, एक बटण आणि वेग कमी-जास्त करणारा एक भाग. इतक्या साध्या यंत्रणेचं निदान तरीही वारंवार चुकतं. त्याचं मुख्य कारण म्हणजे जळालेला भाग दिसला की शोध तिथेच थांबतो. जळालेला भाग आणि बिघडलेला भाग एकच असेल, असं मात्र नाही.

आधी ऐका, मग उघडा

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी गाडीत बसून निम्मं काम होतं. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका, काचा बंद करा आणि ब्लोअर एकेका वेगावर चालवून पाहा. आवाज येतो का, हवा येते का आणि या दोन्हींचं एकमेकांशी जुळतं का, एवढंच पाहायचं आहे.

आवाज आहे, पण हवा नाही, तर मोटर फिरते आहे आणि वाट अडली आहे. बहुतेक वेळा केबिन फिल्टर धुळीने चोंदलेला असतो. (काही जुन्या, स्वस्त गाड्यांत हा फिल्टर नसतोच, तिथे धूळ थेट कूलिंग कॉइलवर साचते.) हवा भलत्याच जाळीतून येत असेल, तर झडप किंवा ती हलवणारी छोटी मोटर अडकली असण्याची शक्यता असते. आणि सुरुवातीला उत्तम चालणारा एसी अर्ध्या-पाऊण तासाने हवा देईनासा होत असेल, पंख्याचा आवाज मात्र तसाच असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरला असावा. एसी बंद करून पंखा तेवढा चालू ठेवला आणि थोड्या वेळाने हवा परत आली, तर ही शंका पक्की. अशा वेळी मोटर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

आवाजाची पट्टीही बोलकी असते. फिल्टर चोंदला की मोटरवर ताण येतो, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. पिंजऱ्यासारख्या पंख्याला हवाच मिळाली नाही, तर ढकलायला काही उरत नाही; त्याचं ओझं कमी होतं आणि तो उलट जास्त वेगाने फिरतो. म्हणून हवा कमी आणि आवाज नेहमीपेक्षा चढा, तर फिल्टर पाहा. हवा कमी आणि आवाजही जड, खाली उतरलेला, तर मोटर स्वतःच रखडते आहे किंवा तिला पुरेशी वीज मिळत नाही. किरकिर, किंचाळल्यासारखा सूर येत असेल, तर दांड्याचे बुश कोरडे पडलेत. टकटक येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर पात्यांत पान, काडी किंवा कागदाचा तुकडा अडकलाय. सगळा डॅशबोर्ड थरथरत असेल, तर पंख्याचा तोल गेला आहे.

ब्लोअर अधूनमधून बंद पडतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की पुन्हा सुरू होतो, हा प्रकार आपल्या रस्त्यांवर लवकर लक्षात येतो. मोटरमधले कार्बन (ब्रश) झिजत आले, की त्यांचा फिरत्या भागाशी होणारा स्पर्श अधांतरी होतो. मोटरच्या खोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केल्यावर ती फिरू लागली, तर कार्बन संपत आलेत असं समजावं. ही दुरुस्ती नव्हे, चाचणी आहे. आज टकटक करून चालू झालेली मोटर उद्या घाटात बंद पडू शकते.

कोणता वेग गेला?

मेकॅनिकला सांगण्याजोगी सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे नेमके कोणते वेग चालत नाहीत. याचं कारण जोडणीत आहे.

साध्या, हाताने फिरवायच्या बटणाच्या गाड्यांत बहुधा चार वेग असतात. सर्वांत वरच्या वेगाला मोटरला बॅटरीची जवळजवळ पूर्ण वीज मिळते. खालच्या वेगांना वाटेत रेझिस्टरची वेटोळी येतात आणि विजेचा काही दाब तिथेच खर्ची पडतो. जितकी जास्त वेटोळी वाटेत, तितका पंखा हळू. हा रेझिस्टर ब्लोअरच्याच हवेच्या झोतात बसवलेला असतो, कारण खर्ची पडलेली वीज उष्णता बनते आणि ती वाहून न्यायला वारा लागतो. सोबत एक उष्णता-फ्यूजही असतो. तापमान हाताबाहेर गेलं की तो वितळून वाट तोडतो.

म्हणून पहिले तीन वेग मेले आणि चौथा व्यवस्थित चालतो, हे लक्षण रेझिस्टरकडे बोट दाखवतं. चौथ्या वेगाची वाट रेझिस्टरला वळसा घालून जाते, त्यामुळे तो वाचतो. मोटर फिरू शकते, फ्यूज ठीक आहे, हेही याच एका निरीक्षणातून बहुतांशी कळतं. फक्त वरचा वेग गेला, तर बटणाचा तेवढा काँटॅक्ट किंवा त्या वेगाचा स्वतंत्र रिले तपासावा. मधलाच एखादा वेग गायब असेल, तर एक वेटोळं किंवा बटणातली एक पट्टी गेलेली असते. सगळेच वेग गेले, तर फ्यूज, रिले, बटण, अर्थ आणि शेवटी मोटर अशा क्रमाने जावं. क्रम स्वस्तापासून महागाकडे आणि सोप्यापासून अवघडाकडे आहे.

आणखी एक गुंता लक्षात ठेवावा. बऱ्याच गाड्यांत ब्लोअर चालू असल्याची खूण मिळाल्याशिवाय एसीचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. त्यामुळे एसीचा दिवा लागत नाही अशी तक्रार असली, तरी मूळ ब्लोअरच्या बटणात असू शकतं.

साक्षीदारालाच शिक्षा

रेझिस्टर बदलला, चारही वेग सुरू झाले, गाडी घरी गेली आणि काही महिन्यांत तोच रेझिस्टर पुन्हा जळाला, ही गोष्ट अनेकांच्या अनुभवाची आहे. दोष ‘डुप्लिकेट माला’वर जातो. कधी तो खराही असतो. पण मोटर न तपासता रेझिस्टर बदलला असेल, तर पुन्हा जळण्याची शक्यता होतीच.

मोटर फिरत असताना तिच्या आत, आलेल्या विजेला विरोध करणारा एक उलटा दाब तयार होतो. मोटर जितकी वेगात, तितका हा विरोध मोठा आणि तितका आत शिरणारा प्रवाह कमी. बुश कोरडे पडले, दांडा गंजला किंवा पंख्यात काही अडकलं, की मोटर मंदावते, उलटा दाब घटतो आणि ती जास्त प्रवाह ओढू लागते. हाच प्रवाह रेझिस्टरमधूनही जातो.

उष्णतेचा हिशोब जेम्स जूल याने १८४० मध्ये मांडला: ती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजण्यापुरते आकडे घेऊ. सर्वांत हळू वेगाला वाटेत दोन ओहमचा रेझिस्टर आहे आणि निरोगी मोटर चार अँपिअर प्रवाह घेते. चारचा वर्ग सोळा, गुणिले दोन, म्हणजे बत्तीस वॉट उष्णता. आता मोटर जवळजवळ अडकली आणि प्रवाह सहा अँपिअर झाला. सहाचा वर्ग छत्तीस, गुणिले दोन, बहात्तर वॉट. प्रवाह दीडपट झाला, पण उष्णता सव्वादोनपट. शिवाय पंखा मंदावल्यामुळे रेझिस्टरला थंड ठेवणारा वाराही नेमका याच वेळी आटतो. वितळणारा उष्णता-फ्यूज त्याचं कामच करत असतो. फिल्टर चोंदल्याचा खरा तोटाही इथेच कळतो: मोटरचं ओझं वाढत नाही, पण मोटर आणि रेझिस्टर दोघांनाही वारा मिळेनासा होतो.

जळालेला कपलर, म्हणजे मोटर आणि वायर यांना जोडणारा प्लास्टिकचा सांधा, हाही याच हिशोबात बसतो. मोटर पूर्ण वेगाला गाडीनुसार साधारण पंधरा ते पंचवीस अँपिअर प्रवाह घेते. कपलरमधली एक पिन सैल झाली आणि तिथे ओहमचा अवघा विसावा भाग इतका अडथळा तयार झाला, तरी वीस अँपिअरला एका टाचणीएवढ्या जागी वीस वॉट उष्णता जमते. प्लास्टिक तपकिरी होतं, मग वितळतं आणि डॅशबोर्डमधून जळका वास येतो. अशा वेळी नवी मोटर जुन्याच भाजलेल्या कपलरला जोडणं म्हणजे पुढच्या बिघाडाची तारीख ठरवून ठेवणं. कपलर आणि त्यामागची वायर शेपटासकट बदलली पाहिजे.

फ्यूजचंही तसंच. तो घातल्या घातल्या उडत असेल, तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. काही मिनिटं चालून उडत असेल, तर मोटर जास्त प्रवाह ओढते आहे. दोन्ही वेळी मोठ्या अँपिअरचा फ्यूज टाकून पाहणं धोक्याचं. फ्यूज वायरच्या कुवतीप्रमाणे निवडलेला असतो. तीस अँपिअरच्या जागी चाळीसचा बसवला, की फ्यूजऐवजी वायर तापते आणि गाडीला आग लागण्याची सोय होते.

मीटर, दिवा आणि बॅटरी

कोणता वेग गेला हे कळल्यावर डॅशबोर्ड उघडण्याची पाळी येते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो. हात घालण्याआधी एक पथ्य: त्याच भागात पुढच्या प्रवाशाची एअरबॅग असते आणि तिच्या वायरींचे कपलर सहसा पिवळे असतात. त्यांना मीटर किंवा टेस्टर लावायचा नाही. मोटर सोडवण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढावं आणि गाडी वॉरंटीत असेल तर हे काम अधिकृत ठिकाणीच करावं.

पहिली पायरी फ्यूजची. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून समाधान मानू नये. त्याच्या दोन्ही टोकांना करंट आहे का, हे टेस्ट लॅम्पने पाहावं. दुसरी पायरी मोटरच्या कपलरची. बटण पूर्ण वेगावर ठेवून कपलरच्या दोन पिनांमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजायचं. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीला साडेबाराच्या आसपास, इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असतात. कपलरवर त्याच्या जवळपासचा आकडा हवा.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. एक पिन आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये मोजून ‘बारा येतात, म्हणजे मोटर गेली’ असा निष्कर्ष काढणं ही पहिली. अनेक गाड्यांत मोटरच्या एका बाजूला करंट सतत असतो. बटण आणि रेझिस्टर अर्थच्या बाजूला बसवलेले असतात. तिथे अर्थ तुटला असेल, तरी बॉडीशी मोजल्यावर बारा व्होल्टच दिसतील. म्हणून मोजायचं ते दोन पिनांमध्येच.

दुसरी फसगत मीटरचीच. कपलर काढून, भार नसताना मोजलं, तर गंजलेली वायरही पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. नळ बंद असताना गाळाने भरलेल्या पाइपातही दाब पूर्ण असतो. नळ सोडल्यावरच धार बारीक आहे हे कळतं. म्हणून जुने ऑटो इलेक्ट्रिशियन मीटर बाजूला ठेवून एकवीस वॉटचा, इंडिकेटरचा बल्ब लावून पाहतात. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. बल्ब मिणमिणला, तर वायर किंवा काँटॅक्ट कमजोर आहे. त्याहून पक्की पद्धत म्हणजे मोटर जोडलेली ठेवून, बटण पूर्ण वेगावर असताना कपलरच्या मागून व्होल्ट मोजायचे. मोटरच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक व्होल्ट दिसला, तर तो व्होल्ट वाटेत कुठेतरी गळतो आहे. फक्त एक आठवण: अर्थच्या बाजूला बटण असलेल्या गाडीत त्या बटणाचे काँटॅक्टही याच वाटेत येतात.

दोन पिनांमध्ये पूर्ण दाब आहे आणि मोटर गप्प आहे, तर मोटर दोषी. दाब नाही, तर मोटर निर्दोष. मागे मागे जात रिले, बटण आणि वायर तपासायच्या. शंका उरलीच, तर मोटर काढून फ्यूज घातलेल्या वायरने थेट बॅटरीवर चालवावी. सुटी पडल्यावर पंखा हाताने फिरवून पाहायला विसरू नये. तो सैल, सरळ फिरला पाहिजे. दांडा डुलत असेल किंवा फिरताना खरखर लागत असेल, तर मोटर आज चालते म्हणून ती चांगली ठरत नाही.

शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित चाचणी प्रवाहाची. डीसी मोजू शकणारा क्लॅम्प मीटर वायरभोवती अडकवला, की मोटर किती अँपिअर ओढते ते वायर न तोडता कळतं. आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या वर असेल, किंवा सुरू झाल्यावर स्थिरावण्याऐवजी चढत जात असेल, तर मोटर रखडते आहे. रेझिस्टर बदलण्याआधी ही एक चाचणी केली, तर पुन्हा जळण्याचा प्रश्न बहुधा येत नाही.

पाऊस, पानं आणि उंदीर

मोटर बिघडण्याचं कारणही शोधायला हवं. महाराष्ट्रात ते बऱ्याचदा पावसात सापडतं. वायपरखालच्या जाळीतून ब्लोअरला बाहेरची हवा मिळते आणि तिथे पडणारं पाणी निचऱ्याच्या भोकांतून खाली निघून जातं. गाडी झाडाखाली उभी असेल, तर पानं-फुलं तिथे कुजून भोकं बुजतात आणि तुंबलेलं पाणी हवेच्या वाटेने मोटरपर्यंत पोहोचू शकतं. काढलेल्या मोटरवर गंजाचे ओघळ किंवा पाण्याच्या रेषा दिसल्या, तर नवी मोटर बसवण्याआधी ही जागा साफ करावी. मृगाआधी एकदा आणि पावसाळ्यात मधूनमधून पानं काढली, तरी पुरतं. उंदीर हा दुसरा हिस्सेदार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीत तो फिल्टर कुरतडतो, पंख्याच्या पिंजऱ्यात कापूस-कागद भरतो आणि वायरीही सोडत नाही.

पावसाळ्यात ब्लोअर ही चैन उरत नाही. जुलैत खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात, काचा बंद आणि आत चार माणसं, अशा वेळी श्वासातली वाफ थंड काचेवर धरते आणि समोरचं दिसेनासं होतं. एसी त्या हवेतलं बाष्प कूलिंग कॉइलवर काढून घेतो आणि ब्लोअर ती कोरडी हवा काचेवर मारतो. यातला एकही दुवा निखळला, तर काच स्वच्छ होत नाही. अमेरिकेत काचेवरचं दव आणि हिम हटवणाऱ्या व्यवस्थेसाठी १०३ क्रमांकाचं स्वतंत्र सुरक्षा मानकच आहे. बंद पडलेला ब्लोअर ‘उन्हाळ्यापर्यंत बघू’ म्हणून टाळणं म्हणूनच चुकीचं.

नव्या गाड्यांचं वेगळं पथ्य

तापमान आकड्यात ठरवायच्या ऑटोमॅटिक एसीत वेटोळ्यांचा रेझिस्टर सहसा नसतो. त्याजागी ट्रान्झिस्टरवर चालणारं मॉड्यूल मोटरची वीज नियंत्रित करून, बहुधा सेकंदाला अनेकदा चालू-बंद करून, वेग ठरवतं. ते बिघडलं तर ‘चौथा वेग चालतो’ असं लक्षण मिळत नाही. ब्लोअर पूर्ण बंद राहतो, एकाच वेगावर अडकतो किंवा किल्ली काढल्यावरही फिरत राहून बॅटरी उतरवतो. काही मोटरांना कार्बनच नसतात आणि त्यांचं इलेक्ट्रॉनिक सर्किट मोटरच्या आतच असतं. अशा मोटरला थेट बॅटरी जोडली, तर तपासणीतच ती मरेल. तिथे स्कॅनर आणि वायरिंगचा नकाशा हवा. विजेवरच्या गाडीत केबिनचा ब्लोअर सहसा बारा व्होल्टचाच असतो, पण हीटर मोठ्या दाबावर चालू शकतो. मोठ्या दाबाच्या नारिंगी वायरींना प्रशिक्षित माणसाशिवाय कुणीही हात लावू नये.

गाडी गॅरेजमध्ये देताना एवढं सांगावं: कोणते वेग चालतात, कोणते नाहीत, आवाज आहे का, तो चढा की जड, वास आला होता का, पावसानंतर सुरू झालं का. परत घेताना जुना भाग मागून घेऊन पाहावा, कपलरचा रंग बघावा आणि मोटरने किती अँपिअर घेतले ते विचारावं. रेझिस्टर काही शे रुपयांत येतो, मोटरला काही हजार लागतात, म्हणून स्वस्त भाग बदलून पाहू असा मोह दोघांनाही होतो. पण नवा रेझिस्टर बसवून चारही वेग फिरले, एवढ्याने दुरुस्ती पुरी होत नाही. जुना का जळाला याचं उत्तर मिळालं, तरच ती पुरी झाली.